तेवीस कोटी सत्तावीस लाख ब्याण्णव हजार पाचशे एकसष्ट

चौतीस वर्षं मी गणित शिकवलं, आणि अजूनही घाटनांदूरच्या बाजारात मला बघून चाळिशीतली माणसं भाजीच्या ढिगाआड होतात. सर एकोणतीसचा पाढा विचारतील ही भीती. मी विचारतोही. कुणी अडखळलं की मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

नोकरीतले अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं. कुठल्या साली रुजू झालो, कुठून कुठं बदली झाली, निरोपसमारंभात कोण रडलं, हे मी लिहिणार नाही. कडा, सिरसाळा आणि शेवटी घाटनांदूर अशा तीन गावांत खडू झिजवला, एवढं पुरे. मी लिहिणार आहे ते एका संख्येबद्दल आणि तिच्यापायी झालेल्या माझ्या फजितीबद्दल. फजिती निवृत्तीनंतरची आहे, पण तिचं मूळ नोकरीतच.

आधी धंद्याची थोडी माहिती देतो. गणिताच्या मास्तरकडे लोक दोनच कामांसाठी येतात. एक, पोरगं नापास झालं म्हणून. दोन, नंबर बघायला. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं नवी जीप घेतली तेव्हा तो स्वतः घरी आला. कुणी तरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की गाडीच्या आकड्यांची बेरीज नऊ यायला पाहिजे. त्याला २७६३ मिळाला होता.

"सर, ह्याची नऊ येती का बगा. पोरं म्हणायलीत अठरा येती."

"अठराचे एक आणि आठ. झाले नऊ."

"आन धाकट्या भावाला बी नऊचाच पायजे."

"हेच आकडे कसेही फिरवा. ७६३२ घ्या, ३२६७ घ्या. आकड्यांची जागा बदलली तरी बेरीज बदलत नाही."

पुढारी खूश होऊन गेला. चार महिन्यांनी जीप पुलाच्या कठड्याला धडकली, तेव्हा मला रस्त्यात अडवून म्हणतो, "कावून झालं बे सर असं? बेरीज तर नऊ हाय की!" चिडला की समोर कोण आहे याचं भान त्याला राहत नसे. मी म्हटलं, बेरीज ठीक आहे, ड्रायव्हर बदला.

हसू नका. या नवाच्या बेरजेवरच माझा सगळा लौकिक उभा होता. मोठा गुणाकार किंवा भागाकार बरोबर आहे का हे पुन्हा न करता तपासायची जी युक्ती, तिला आम्ही ताळा म्हणतो. प्रत्येक संख्येच्या आकड्यांची बेरीज करायची, त्या बेरजेची पुन्हा बेरीज, एकच आकडा उरेपर्यंत. उरलेल्या आकड्यांचा गुणाकार जुळला तर गणित बरोबर. हा नवाचा ताळा. मी पन्नास वह्या अर्ध्या तासात तपासायचो तो याच्या जोरावर. पोरं मला माघारी 'ताळे सर' म्हणायची आणि मला त्याचा अभिमान होता. अजून आहे, पण आता जरा बेतानं.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी मला शेजारच्या तालुक्यातल्या शाळांच्या विज्ञान-गणित प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावलं. अशा प्रदर्शनात काय असतं ते सांगायला नको. थर्माकोलचे ज्वालामुखी, पुठ्ठ्याच्या पवनचक्क्या, आणि मागं उभे राहून पोरांच्या कानात उत्तरं सांगणारे शिक्षक. गणिताच्या रांगेत शेवटच्या टेबलावर काहीच मांडलेलं नव्हतं. एक तक्ता, नऊ जाडजूड वह्या आणि त्यांच्यामागं दहावीतली एक मुलगी. नाव शिवानी, गाव सिरसाळा. शेजारी तिचे वडील, शिवलिंगअप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढराशुभ्र सदरा. त्यांचं सिरसाळ्यात किराणा दुकान. ते गिऱ्हाईक टाकून आले होते आणि तसं तोंडावर दिसत होतं.

"काय केलंयस?" मी विचारलं.

"सर, एकपासून वीसपर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या ही." तिनं तक्त्यावर बोट ठेवलं: २३२७९२५६०. "सोळा, नऊ, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, यांचा गुणाकार."

"बरोबर. पुस्तकातलंच आहे."

"ते पुस्तकातलं. पण हिच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक, दोन्ही मूळ संख्या आहेत. जुळ्या. दोन्हींना कशानंच भाग जात नाही."

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही ती. लहान असेल तर ओळखायला सोपी. नऊ आकडी असेल तर सिद्ध करायला पंधरा हजार दोनशे एकेचाळीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या पावणेअठराशेच्या आसपास भरतात.

"म्हणजे साडेतीन हजार भागाकार केलेस?"

"न्हाई सर, निम्मेच." ती पहिल्यांदा हसली. "मधल्या संख्येलाच भागायचं. बाकी एक उरली तर अलीकडची तुटती. भाजकापेक्षा एक कमी उरली तर पलीकडची तुटती. दोन्ही नसलं तर दोघी बी सलामत. एका भागाकारात दोघींचं काम हुतंय."

अहो, मला हे सुचलं नसतं! म्हणजे सुचलं असतं, पण साडेतीन हजारांतले चारपाचशे करून झाल्यावर. हे मी तिला तेव्हा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. परीक्षकानं लगेच कौतुक करू नये असं आम्हाला वाटायचं, आणि हा आमच्या पिढीचा फार मोठा गाढवपणा होता.

"मोबाईलवर बघितलंस का?"

"मोबाईल सांगतो मूळ हाय म्हणून. पण कावून हाय ते सांगत न्हाई. दीड वर्ष झालं, दुकानात बसून केलं."

तेवढ्यात शिवलिंगअप्पा पुढं झाले. हात जोडले. "शरणार्थ सर. तुमचं नाव लई ऐकलंय. माझं येकच म्हणनं हाय. हे खरं हाय का खोटं, येवढं सांगा. खरं असंल तर पोरगी अकरावीला अंबाजोगाईला, सायन्सला. तिला तसा शब्द दिलाय. खोटं असंल तर हे खूळ बंद. इथंच आर्ट्स करील, दुकान बघील."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. आता पुढचं नीट वाचा, कारण मी जे केलं ते मूर्खपणाचं असलं तरी घाईगडबडीत केलं नाही. अगदी ऐटीत केलं.

मी खिशातलं पॅड काढलं. पलीकडच्या संख्येची परीक्षा घ्यायची ठरवली, म्हणजे २३२७९२५६१. शेजारी आयोजक शाळेचे मुख्याध्यापक चहाचं विचारत होते, त्यांना 'साखर कमी' असं सांगत सांगत मी तक्त्यावरून संख्या उतरवून घेतली. स्वल्पविराम दिले नाहीत. मग सत्तेचाळीसनं भागलं. सत्तेचाळीसच का, तर माझा अनुभव. पोरं तेवीस, एकोणतीस मन लावून करतात आणि सत्तेचाळीसपाशी कंटाळतात. कुठं चुकत असतील तर तिथं.

भाग गेला. बाकी शून्य. भागाकार आला ४९५६८६३.

खरं सांगतो, मला आनंद झाला. दीड वर्षाचं काम दोन मिनिटांत पाडल्याचा आनंद. ताळा केला. सत्तेचाळीसचे अकरा, अकराचे दोन. भागाकाराच्या आकड्यांचे एकेचाळीस, त्याचे पाच. दोन पंचे दहा, दहाचा एक. तक्त्यावरच्या संख्येचे सदतीस, त्याचे दहा, दहाचा एक. जुळलं! मुख्याध्यापकांनी मोबाईलवर गुणाकार करून बघितला. पडद्यावर आलेले आकडे त्यांनी तक्त्याशी ताडून बघितले, म्हणजे त्यांच्या मते बघितले, आणि मान डोलावली.

"बाई, तू पहिल्याच पानावर चुकलीस," मी म्हटलं. "सत्तेचाळीसनं भाग जातो."

"सर, माझी बाकी नऊ आलीय. दोनदा केलाय." तिनं वही उघडली.

"ताळा जुळलाय. मिट वही."

तिनं वही मिटली. रडली नाही. वडिलांनी पॅडवरचं ते पान माझ्याकडून मागून घेतलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि वह्यांचा गठ्ठा स्वतः उचलला. मी पुढच्या टेबलावर गेलो. पवनचक्कीला दुसरा नंबर दिल्याचं मला आठवतं.

आठवड्यानं सकाळी दहाच्या सुमाराला शिवलिंगअप्पा मोटारसायकलवर आमच्या दारात. हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, मुलीचं काही ठरलं की काय.

"ठरलं न्हाई काय," ते म्हणाले. "तुमचे उपकार झाले म्हणून आलो. पोरीच्या डोस्क्यातलं भूत उतरवलंत. पर पुरतं उतरलं न्हाई अजून. ती म्हणती, सरच चुकले. आठ दिस झालं, येकच धोशा. म्या म्हणलं, चौतीस वर्सं शिकवलेला माणूस चुकंल का तू? म्हणून म्हणतो, तेवढं लेखी द्या. सही करून. म्हंजे तिचं तोंड बंद हुईल."

बायकोनं आतून पाणी आणलं. ती म्हणाली, "द्या की लिहून, एवढे लांबून आलेत." मी कोरा कागद घेतला. दाखले लिहायची चौतीस वर्षांची सवय, तारीख टाकली, 'दाखला देण्यात येतो की' लिहिलं. दाखल्यात संख्या आली की ती अंकी लिहायची आणि कंसात अक्षरी लिहायची, हा नियम. म्हटलं, "अप्पा, ते पान काढा आणि संख्या सांगा. लाखकोटीत सांगा."

दुकानदार माणूस, आकडे वाचायची सवय. त्यांनी घडी उलगडून खाडखाड वाचलं, "तेवीस कोटी येकोणतीस लाख बहात्तर हजार पाचशे येकसष्ट."

मी 'तेवीस कोटी' लिहिलं आणि पेन थांबलं. एकोणतीस लाख? सोळा गुणिले नऊ गुणिले पाच, असा पार एकोणीसपर्यंतचा गुणाकार मी वर्गात शंभरदा केला असेल. तो सत्तावीस लाखांत येतो. सत्तावीस लाख ब्याण्णव हजार.

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा तेच वाचलं. मी पान हिसकावून घेतलं. माझंच अक्षर, माझेच आकडे. सातशे ब्याण्णवच्या जागी नऊशे बहात्तर. सात आणि नऊ यांची मी अदलाबदल केली होती, आणि नवाच्या ताळ्याला ते कळणं शक्यच नव्हतं, कारण आकड्यांची जागा बदलली तरी बेरीज बदलत नाही. हे मी पुढाऱ्याला शिकवलं होतं! अकराचा ताळा केला असता तर चूक जागच्या जागी सापडली असती. त्यात उजवीकडून एक आकडा मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं करत जायचं. तिथं जागेला किंमत असते. खऱ्या संख्येचा एक येतो, माझ्या संख्येचा वजा तीन, म्हणजे अकरा मिळवून आठ. मला तो येतो. मी तो शिकवलाही आहे. वेळखाऊ म्हणून करत नव्हतो.

सत्तेचाळीसनं खरी संख्या भागली. बाकी दहा उरली. म्हणजे मधल्या संख्येची नऊ, तिच्या वहीत होती तीच.

मनात काय आलं तेही सांगतो. हा माणूस पेढे घेऊन आलाय. त्याला जे हवंय ते लिहून दिलं तर कुणाला कळणार नाही. पुन्हा कोण सत्तेचाळीसनं भागायला बसणार आहे? असा विचार एक घोट पाणी पिण्याइतका वेळ टिकला. मग माझी मलाच लाज वाटली.

"अप्पा, पोरगी बरोबर आहे. मी चुकलो."

"आँ?"

"मी संख्याच चुकीची उतरवली. वेगळ्याच संख्येला भागलं."

त्यांनी आधी माझ्याकडं, मग पेढ्यांकडं बघितलं.  हळूच म्हणाले, "म्हंजे ती खरं बोलायली व्हती? आठ दिस?"

"होय."

"सर, येक वही पुड्यांना गेली हो."

मला आधी उमगलं नाही. मग त्यांनी सांगितलं. प्रदर्शनातून आल्यावर त्यांनी वह्यांचा गठ्ठा गल्ल्यामागं टाकला होता. दुकानात रद्दी संपली, तशी वरची वही घेतली आणि पानं फाडून जिरे, मोहरी, बडीशेप बांधून दिली. पोरगी शाळेतून येईपर्यंत वही संपली होती. उरलेल्या तिनं उचलून घरात नेल्या आणि त्या दिवसापासून वडिलांशी फक्त 'सर चुकले' एवढंच बोलत होती.   माझ्या दोन मिनिटांच्या ऐटीनं त्या पोरीचे दोन महिने सिरसाळ्यातल्या घरोघरच्या फोडणीत गेले होते.

मी त्यांच्याच मोटारसायकलवर मागं बसून सिरसाळ्याला गेलो. शिवानी अभ्यास करत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. तिनं ऐकून घेतलं. राग होता, तो असायलाच हवा होता.

"मला पहिल्याच दिवशी कळालतं सर. घरी येऊन गुणाकार केला. पण तुमी चुकला म्हणून माझं बरोबर हाय असं कुठं ठरतंय? सत्तेचाळीसचं तेवढं मिटलं. बाकीचं कोण तपासणार?"

"मी तपासतो. सगळ्या वह्या. अकराच्या ताळ्यानं."

"आन गेलेली वही?"

मी अप्पांकडं बघितलं. अप्पा जमिनीकडं बघत होते.

"माझी बोर्डाची परीक्षा हाय," ती म्हणाली. "ती वही तुमी करायची."

आयुष्यात मी हजारो पोरांना गृहपाठ दिला. मला कुणी दिलेला हा पहिलाच. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेच्या परिपाठाला उभा राहून मी माझी चूक सगळ्या पोरांपुढं सांगितली. सांगून टाकल्यावर पोहे चवीनं खाल्ले. अप्पांनी शब्द मागं घेतला नाही, फक्त एक अट घातली: ज्या माणसानं खोटं ठरवलं त्यानंच पूर्ण तपासून खरं लिहून द्यावं, मगच अंबाजोगाई. त्यात मला काही गैर वाटलं नाही.

पुढचे चार महिने मी रोज सकाळी भागाकार केले. हरवलेल्या वहीत दोनशेच्या आसपास मूळ संख्या होत्या. सुरुवातीला मी रोज वीस करायचो आणि त्यातल्या दोनतीन चुकायचो. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं की दहावीच्या पोरीनं दुकानात तेल मोजत, गिऱ्हाइकाशी बोलत हे काम कसं केलं असेल. तिच्या आठ वह्यांत मला पाच चुका सापडल्या. पाचही दुरुस्त केल्या, एकीनंही संख्या तुटली नाही. प्रत्येक चूक सापडली की वाटायचं, आता हिची मेहनत गेली. बायको म्हणायची, "नोकरीत एवढं काम केलं असतंत तर मुख्याध्यापक झाला असतात." मी तिला सत्तावीसचा पाढा विचारून गप्प करायचो.

परीक्षा संपल्यावर मी माझी वही शिवानीकडं तपासायला पाठवली. आठवड्यानं परत आली. लाल पेनानं दोन ठिकाणी गोल. एका गोलाशेजारी लिहिलं होतं, 'काळजीपूर्वक करावे.' हा माझा शेरा. चौतीस वर्षं मी तो वह्यांवर लिहिला, आणि तो वाचताना कसं वाटतं ते त्या दिवशी समजलं. दोन्ही भागाकार पुन्हा केले. संख्या शाबूत होती.

निकाल लागला, ती चांगल्या गुणांनी पास झाली. अकरावीचे फॉर्म सुरू झाले तेव्हा मी सगळ्या वह्या आणि दाखला घेऊन सिरसाळ्याला गेलो. दाखल्याचं पहिलं वाक्य 'मी पूर्वी दिलेला निर्णय चुकीचा होता' असं होतं. पुढं दोन्ही संख्या, अंकी आणि अक्षरी. अप्पांनी गल्ल्यावर बसून तो दाखला दोनदा वाचला, अक्षरी संख्या मोठ्यानं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती थांबली.

"म्हंजे आता पक्कं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "मला काय विचारता? मागं मला विचारलंत तर काय झालं ते बघितलंत. हिला विचारा."

शिवानी साखरेच्या पोत्यापाशी उभी होती. अप्पांनी दाखला तिच्यापुढं धरला. तिच्या दीड वर्षाच्या वह्यांत काय आहे हे त्या माणसानं मास्तरांना, मुख्याध्यापकांना, मोबाईलला विचारलं होतं. तिला कधीच विचारलं नव्हतं.

"काय गं, सरांनी लिहिलेलं बरोबर हाय का?"

तिनं दाखला हातात घेतला. एकेका आकड्यावर बोट ठेवत उजवीकडून डावीकडं गेली, मग अक्षरी ओळ वाचली. गिऱ्हाइकं, अप्पा आणि मी, चौघंही तिच्या बोटाकडं बघत होतो.

"हाय," ती म्हणाली.

"मग आन तो अंबाजोगाईचा फॉर्म," अप्पा म्हणाले, आणि हात पुसून सहीसाठी पेन मागितलं.